चिंचवडचे देव आणि त्यांचे राज्यकर्ते

केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यानें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेला डॉ. लॉरेन्स प्रेस्टन यांचा चिंचवडच्या देवांवरील इंग्रजी ग्रंथ हातीं घेणाऱ्या मराठी वाचकाची प्रथम थोडी निराशाच होईल. नांवावरून त्याची अपेक्षा अशी असणार कीं, येथें मोरया गोसाव्यांची तपश्चर्या, त्यांच्या पुत्रास लाभलेलें देवपण, तुकोबांच्या भेटीची कथा आणि सात पिढ्यांपर्यंत चाललेला गणेशाचा अवतार यांचें कांहीं रसाळ निरूपण वाचावयास मिळेल. प्रत्यक्षांत त्याच्या दृष्टीस पडतात त्या सनदा, इनाम गांवें, वारसांचे तंटे आणि सरकारी चौकशा. एक वंश आणि महाराष्ट्रांतील राज्यसंस्था, एवढाच आपला विषय असल्याचें ग्रंथकारानें उपशीर्षकांतच सांगून टाकलें आहे. भक्तांच्या देवघरांतला देव येथें नाहीं. आहे तो दफ्तरांतला. परंतु ही पहिली निराशा ओसरून वाचक चिकाटीनें पुढें गेला, तर या रुक्ष कागदपत्रांच्या रानांत त्यास एक असा प्रश्न भेटतो कीं, ज्याचें उत्तर आपल्या संतचरित्रांत शोधून सांपडणार नाहीं. धर्माच्या नांवानें ज्यास राजाकडून जमीन मिळते, तो त्या राजास कधीं 'नाहीं' म्हणूं शकतो काय?

चिंचवड हें पवनेच्या कांठचें, पुण्याच्या वायव्येस सुमारें दहा मैलांवरचें गांव. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामावलेलें असून यंत्रांचे आणि मोटारींचे कारखाने हीच बाहेरच्या जगांत त्या टापूची ओळख होऊन बसली आहे. तेथून चाकणकडे आज कामगारांच्या गाड्या धांवतात. त्याच चाकणचा भुईकोट १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजविला. हें स्मरण येथें उगीच दिलेलें नाहीं. मोरया गोसाव्यांच्या समाधिमंदिराच्या शिलालेखांत शके १५८० चा निर्देश आहे. म्हणजे इसवी सन १६५८-५९. खान पुण्यांत येऊन बसण्यापूर्वीं अवघें एक-दीड वर्ष! ज्या मुलखांतून आदिलशाही, मोगल आणि मराठे यांच्या फौजा आळीपाळीनें जात होत्या, त्याच मुलखांत एक ब्राह्मण घराणें दगडी मंदिर उभारीत होतें. आणि येणारा प्रत्येक नवा धनी जुन्या धन्याचें दान पुन्हां मान्य करीत होता. खुद्द मोरया गोसाव्यांच्या काळाविषयीं मतभेद आहेत. परंपरा त्यांची समाधि १५६१ सालची मानते, तर कांहीं संशोधक त्यांस शंभर वर्षें अलीकडे आणतात. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून हें घराणें नांवारूपास आलें आणि मोरगांव, थेऊर व सिद्धटेक हीं अष्टविनायकांपैकीं तीन स्थानें पुढें त्याच्या व्यवस्थेखालीं आलीं, एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरे. हीं तिन्ही स्थानें आजही चिंचवड देवस्थानाकडेच आहेत.

देवांविषयीं इंग्रजींत लिहिणारे प्रेस्टन हे पहिले नव्हेत. कॅप्टन एडवर्ड मूर यांचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडांत १८०१ सालीं आला. हिंदु देवतांवर मोठें पुस्तक लिहून पुढें प्रसिद्धीस आलेल्या या गृहस्थांनीं चिंचवडच्या पुरुषाचें वर्णन वंशपरंपरेनें चालत आलेला जिवंत देव असें केलें, आणि विलायतेंतील जिज्ञासूंस या घराण्याचा परिचय झाला. १८०९ च्या डिसेंबरांत मरिया ग्रॅहॅम नांवाची एक चौकस बाई तेथें गेली. तिला ओसरीवर लांकडी बैठकीवर बसलेला एक मुलगा दिसला. इतर पोरांहून तो निराळा दिसत होता तो केवळ डोळ्यांतील भ्रमिष्टासारख्या झांकेमुळें; आणि ती झांक त्यास रोज चारण्यांत येणाऱ्या अफूची आहे, असें तिच्या कानीं आलें. बरोबरीच्या मुलांत खेळण्याची त्यास मनाई. संस्कृताखेरीज अन्य भाषा बोलण्याचीही मनाई, म्हणजे ब्राह्मणांवांचून दुसऱ्या कोणाशीं त्याचें बोलणेंच होऊं नये. खिडक्याखिडक्यांतून डोकावणाऱ्या धष्टपुष्ट भटमंडळींवर बाईनें एक टोमणाही मारला आहे. हें वर्णन वाचून मराठी माणसास राग येतो, आणि तो अगदींच अनाठायीं नाहीं. ओझरत्या भेटींत पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींवरून एका समाजाचा निवाडा करून मोकळें होणें हा त्या काळच्या प्रवाशांचा ठरलेला दोष आहे. तरीही तो मुलगा आमच्या मनांतून जात नाहीं. ज्याच्या नांवावर गांवें आहेत आणि ज्याच्या पायांवर मोठमोठे सरदार डोकें ठेवतात, त्यास अंगणांत विटी-दांडू खेळण्याची मोकळीक नसावी! राजकारणांत धर्मगुरूचें वजन किती, हें मोजावयास निघालेल्या इतिहासकारानें हेंही एक माप हातीं ठेवावें.

पुढें १८८५ सालीं पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें. त्यांत दंतकथा आणि वसुलाची माहिती हीं एकमेकांस न ओळखतां शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. मूर यांच्या लेखांत नवल आहे, ग्रॅहॅमबाईंच्या वर्णनांत उपहास आहे, गॅझेटियरांत नोंद आहे. प्रेस्टन देवांस हंसत नाहींत आणि नमस्कारही करीत नाहींत; ते त्यांचे कागद वाचतात. परक्या देशांतील माणसानें एका मराठी घराण्यासाठीं एवढा खटाटोप करावा, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

धर्मगुरु आणि राजा हा विषय निघाला कीं पोप आणि जर्मन बादशहा यांचा झगडा पुढें करण्याची आपल्याकडे संवय आहे. चिंचवडच्या बाबतींत तो दृष्टांत चालत नाहीं. पोप रोममध्यें आणि बादशहा आल्प्सच्या पलीकडे. त्यांचें वैर अंतरावर पोसलें गेलें. चिंचवडशीं ताडून पाहावयाचें तर पूर्वेकडील रोमन साम्राज्य, ज्यास बायझंटाइन साम्राज्य म्हणतात, तें घ्यावें. तेथें कॉन्स्टंटिनोपल शहरांत सम्राटाचा वाडा आणि पॅट्रिआर्क म्हणजे मुख्य धर्माध्यक्ष याचें महामंदिर हीं हांकेच्या अंतरावर होतीं. पॅट्रिआर्कची निवड बहुतेक सम्राटाच्याच मर्जीनें होई, आणि तो डोईजड झाला तर सम्राटच त्यास घालवून देई. अशा आश्रितांकडून ताठ मानेची अपेक्षा कोण करील? आणि तरीही त्या हजार वर्षांच्या इतिहासांत असे प्रसंग पुन:पुन्हां येतात कीं, सम्राट महामंदिराच्या दारांत उभा आहे आणि धर्माध्यक्ष त्यास आंत येऊं देत नाहीं.

सहावा लिओ याच्या तीन राण्या एकामागून एक वारल्या. पुत्र झाला तो झोई नांवाच्या उपस्त्रीस. तिच्याशीं त्यानें चौथें लग्न लाविलें. त्यांच्या धर्मशास्त्रांत चौथ्या विवाहास थारा नव्हता. निकोलस या पॅट्रिआर्कनें ९०६ च्या नाताळांत सम्राटास महामंदिराच्या मुख्य द्वारावरून परत फिरविलें. दोनच महिन्यांनीं निकोलसची हकालपट्टी झाली ही गोष्ट खरी; पण लिओ मेल्यावर ९१२ सालीं तोच पुन्हां त्या पीठावर आला. ९६९ सालीं जॉन झिमिस्केस यानें सम्राज्ञी थिओफानो हिच्या संगनमतानें सम्राट निकेफोरस फोकस याचा शयनगृहांत खून केला आणि तो राज्याभिषेकासाठीं आला. पॉलियूक्टस हा वृद्ध पॅट्रिआर्क त्यास म्हणाला कीं, आधीं सम्राज्ञीस वाड्यांतून बाहेर काढ, मारेकऱ्यांचीं नांवें सांग, प्रायश्चित्त घे, आणि मग आंत ये. झिमिस्केसनें तें सर्व केलें व त्याच नाताळांत त्यास मुकुट मिळाला. पुढें १२६१ सालीं आठव्या मायकेलनें जॉन लास्करिस या बालराजाचे डोळे काढविले, तेव्हां आर्सेनियस या पॅट्रिआर्कनें त्यास धर्मबहिष्कृत केलें. मायकेलनें आर्सेनियसला पदावरून दूर केलें. पण आर्सेनियसच्या अनुयायांनीं नव्या धर्माध्यक्षांस मानण्याचें नाकारलें, आणि ती फूट १३१० पर्यंत मिटली नाहीं. एका आंधळ्या केलेल्या पोरासाठीं जवळजवळ पन्नास वर्षें लोक भांडत राहिले.

या कथा सांगतांना एक बारीक गोष्ट गाळली जाते, ती येथें नमूद करणें अवश्य आहे. पॉलियूक्टसनें झिमिस्केसपुढें ठेवलेल्या अटींत आणखी एक अट होती: मृत सम्राटानें धर्मसंस्थेविरुद्ध केलेले हुकूम रद्द करावे. त्या निकेफोरसनें ९६४ सालीं मठांस नव्या जमिनी देण्यावर निर्बंध घातला होता. म्हणजे खुनाबद्दल पश्चात्ताप आणि जमिनीबद्दल सवलत हीं दोन्ही एकाच दारांत, एकाच तोंडानें मागितलीं गेलीं. पॉलियूक्टसचा धीटपणा यानें खोटा ठरत नाहीं. पण केवळ धर्मासाठीं झगडणारा धर्मगुरु इतिहासांत किती दुर्मिळ, तें यावरून दिसतें.

आतां चिंचवडकडे वळूं. देवांच्या दीडशें-पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांत असा दार अडविण्याचा प्रसंग कोठें आहे? प्रेस्टन यांचा ग्रंथ आम्हीं या एका दृष्टीनें पुन्हां चाळला. दार अडविलेलें दिसत नाहीं. दिसतो तो आदर, आणि त्या आदराची नोंद करणारे कागद. याचें कारण देवांच्या अंगीं धैर्य कमी होतें असें नव्हे. पॅट्रिआर्क हें पद होतें; त्यामागें धर्मसभा होत्या, लिखित नियम होते, आणि त्याच्या हातच्या अभिषेकावांचून सम्राटाचें सम्राटपण लोकांच्या नजरेंत अपुरें राही. माणूस काढला तरी पीठ उरे. चिंचवडचे देव हा एक वंश होता. त्यांचें माहात्म्य रक्तांतून आलेलें, गणेशभक्तांच्या श्रद्धेंतून आलेलें. त्यांच्या संमतीवांचून महाराष्ट्रांत कोणाचें राज्य अडत नव्हतें. १६७४ सालीं शिवाजीमहाराजांस राज्याभिषेक करून घ्यावयाचा होता, तेव्हां त्यांनीं गागाभट्टांचें साहाय्य घेतलें. ते काशीचे. विधि झाला, दक्षिणा मिळाली, पंडित परत गेले. त्या विधींत उणें राहिलें असें निश्चलपुरी गोसाव्यांनीं म्हटलें, तेव्हां त्याच वर्षीं तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेकही झाला. राजास धर्माची मान्यता हवी होती. पण ती कोणाकडून घ्यावयाची, हें ठरविणें राजाच्याच हातीं होतें. ज्याच्यापाशीं चार दारें आहेत, त्यास एक दार अडवून काय होणार?

पेशवाईंतलें उदाहरण तर याहून बोलकें आहे. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणरावाचा खून झाला. पेशव्यांचें घराणें गणेशभक्त. चिंचवड वाड्यापासून दहा मैलांवर. आपल्याकडे परंपरेनें सांगतात ती गोष्ट सर्वांस ठाऊक आहे: राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें तोंडावर सांगून पुणें सोडणारा पुरुष म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. तो ना देव होता, ना महंत, ना गोसावी. तो सरकारच्या पगारावरचा न्यायाधीश होता. पॉलियूक्टसचें काम महाराष्ट्रांत एका नोकरानें केलें. इनामदार आणि नोकर यांच्यांतील हा भेद प्रेस्टन यांच्या ध्यानांत यावयास पाहिजे होता असें आम्हांस वाटतें. वेतन सोडतां येतें, माणूस पागोटें घालून चालता होतो. वंशपरंपरेचें इनाम सोडणें म्हणजे नातवाचा घांस सोडणें. तें आजोबाच्यानें होत नाहीं. (सरकारी अनुदानावर चालणाऱ्या साहित्यसंस्थांच्या चालकांनींही या भेदाचा थोडा विचार करण्यास हरकत नाहीं.) धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी पेशव्यांशीं चढ्या सुरांत बोलत, ही गोष्ट खरी, पण त्यांच्या सुरास बळ होतें तें बाजीरावास दिलेल्या कर्जाचें. सावकार झालेला संन्यासी हा प्रकारच निराळा.

राजानें मात्र देवांस दार अडविल्याचें उदाहरण आपल्याकडे आहे, आणि तेंच या सगळ्या प्रकरणांत आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. एक गोष्ट सांगतात ती अशी. कोणा एका खासगी तंट्यांत चिंचवडच्या देवांनीं हात घातला आणि एका पक्षास कैदेंत टाकविलें. शिवाजीमहाराजांस हें कळलें तेव्हां त्यांनीं त्या माणसास सोडविलें आणि देवांस लिहून कळविलें कीं, आपण आपापल्या बिरुदांची अदलाबदल करूं. राज्य तुम्ही चालवा, पूजा आम्ही करूं. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो, आणि बदलो. गोष्टीचा मर्म ढळत नाहीं. हिच्या शेजारीं कॉन्स्टंटिनोपलचा मायकेल केरुलारियस ठेवून पाहावा. आयझक कोम्नेनस यास १०५७ सालीं गादीवर बसविण्यांत या पॅट्रिआर्कचा हात होता. पुढें त्याचा मद इतका वाढला कीं, केवळ सम्राटानेंच घालावयाचे जांभळट तांबड्या रंगाचे जोडे तो पायांत घालूं लागला असा त्याच्यावर आरोप आला. आयझकनें १०५८ सालीं त्यास पकडून हद्दपार केलें, आणि चौकशी होण्यापूर्वींच तो मेला. अपराध एकाच जातीचा: दुसऱ्याचें बिरुद अंगावर घेणें. तेथें शिपाई गेले, येथें एक पत्र गेलें. पत्रांतील विनयानें जें साधलें, तें शिपायांनीं साधलें नाहीं, कारण केरुलारियसला लोकांनीं हुतात्मा मानलें आणि वर्षभरांतच आयझकला राज्य सोडावें लागलें.

दुसरी गोष्ट कागदाची आहे. पूर्वींच्या अमलापासून चिंचवडच्या देवस्थानास अशी सवलत चालत आलेली होती कीं, कोंकणच्या रयतेकडून धान्यादि जिन्नस बाजारभावाहून कमी दरानें घ्यावे. शिवाजीमहाराजांनीं ही सवलत बंद केली. देवस्थानास लागेल तें सरकारांतून द्यावें, रयतेस तोशीस नको, असें ठरविलें. वरवर पाहतां हा हिशेबाचा बारकावा आहे. देवस्थानाचें पोट पहिल्यासारखेंच भरलें, अन्नछत्राची पंगत मोडली नाहीं. पण त्या दोन ओळींत दानाचा अर्थच बदलला. पूर्वींचा राजा पुण्य स्वतःच्या नांवावर घेई आणि त्याचें भात कल्याण-भिवंडीकडच्या एखाद्या कुणब्याच्या कणगींतून जाई. आतां ज्याचें पुण्य त्याचेंच भात. देवांचें देवपण नाकारलेलें नाहीं, मंदिराचा अवमान नाहीं, धर्मशास्त्राचा वाद नाहीं; आणि तरीही धर्मसत्तेस एवढी स्पष्ट मर्यादा आमच्या इतिहासांत क्वचितच घातली गेली असेल. प्रेस्टन यांच्यासारखा कागदाची किंमत जाणणारा लेखक असतांही या हुकुमामागचा हा पालट त्यांच्या हातून म्हणावा तसा उठावदार झालेला नाहीं. सवलतींच्या इतर बदलांच्या पंक्तींत तो एक बदल म्हणून बसतो.

मोगलांच्या कृपेची कथा याच्या अगदीं उलट टोंकाची. औरंगजेब आयुष्याच्या उत्तरार्धांत दक्षिणेंत येऊन राहिला, पुण्यासही त्याचा तळ पडला होता. गॅझेटियरांत दिलेली दंतकथा अशी कीं, बादशहानें नारायणमहाराजांची परीक्षा पाहण्यासाठीं झांकलेल्या तबकांत गोमांस पाठविलें; महाराजांनीं वरचें वस्त्र काढलें तों आंत जाईचीं फुलें. बादशहा चकित झाला आणि त्यानें आठ गांवें वंशपरंपरेनें दिलीं. आधुनिक वाचक ही कथा हंसून सोडून देईल, आणि कागद वाचणारा इतिहासकार ती टिपेंत टाकील. आम्हांस दोघांचेंही पटत नाहीं. ती कथा कां रचली गेली असावी? ज्या बादशहानें देवळें पाडलीं त्याच्याच शिक्क्याची सनद देवांच्या पेटींत आहे, ही गोष्ट भक्तांच्या मनास टोंचत असली पाहिजे. सनद टाकून देणें शक्य नव्हतें. ती गांवें हवींच होतीं. तेव्हां फुलांच्या चमत्कारानें त्या सनदेस शुद्ध करून घेतलें. याचना केली असें म्हणावें लागूं नये, म्हणून जिंकलें असें म्हटलें. वस्तुतः मोगलांनीं, मराठ्यांनीं आणि त्यांच्यापूर्वीं दुसऱ्यांनीं दिलें तें एकाच व्यवहारी बुद्धीनें: नवा मुलूख ताब्यांत ठेवावयाचा तर तेथल्या लोकांचा देव आपल्या बाजूस असलेला बरा. दंतकथेंत घराण्याचा संकोच आहे, आणि तो संकोच कोणत्याही सनदेंत लिहिलेला नसतो. येथें दफ्तरावरच विसंबणारी पद्धति अपुरी पडते.

हाच न्याय शापाच्या कथेस. कोणा एका देवांनीं मोरया गोसाव्यांची समाधि उघडविली, आंत ध्यानस्थ बसलेल्या साधूची समाधि भंगली, आणि त्यानें अवतार सातव्या पिढींत संपेल असा शाप दिला, असें सांगतात. १८१० सालीं धरणीधर हे निपुत्रिक वारले आणि सात पिढ्या भरल्या. श्रद्धेच्या हिशेबानें येथें कथा संपली. परंतु सरकारी हिशेबानें संपून चालण्यासारखें नव्हतें, कारण वंश संपला म्हणजे इनामही संपण्याची भीति. गॅझेटियर सांगतें कीं, पुजारीमंडळींनीं दूरच्या नात्यांतील सखाहरी नांवाच्या पुरुषास त्या जागीं बसविलें, तें देवस्थानाचें उत्पन्न जाऊं नये म्हणून. देव नसला तरी देवाचा वारस हवा! प्रेस्टन यांच्या ग्रंथाचा उत्तरार्ध येथपासून खरा रंगतो. १८१८ सालीं राज्य कंपनीचें झालें, आणि नव्या सरकारनें इनामदारांस असे प्रश्न विचारण्यास सुरुवात केली, जे त्यांस तोंवर कोणीं एवढ्या काटेकोरपणें विचारले नव्हते: दान कोणीं दिलें, कोणास दिलें, व्यक्तीस कीं देवास, आणि कागद कोठें आहे? १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला तर तो अधिकारच मिळाला. मागील राजे देवांस भेटावयास येत आणि सनद ताजी करून जात. हे राज्यकर्ते भेटावयास आले नाहींत. त्यांनीं कारकून पाठविले. दोन शतकें जो आदर प्रत्येक नव्या राजाकडून नव्यानें मिळवावा लागे, तो आतां एकदांच मोजून, नोंदवून, ठराविक करून टाकला गेला. कोणत्याही सम्राटानें कोणत्याही पॅट्रिआर्कला एवढ्या शांतपणें निःशस्त्र केलें नव्हतें.

ग्रंथांतील दोषांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. नांवांच्या रोमन लेखनांत पंडिती पद्धत स्वीकारल्यामुळें मुखपृष्ठावरील गांवाचें नांव साधा इंग्रजी शिकलेला मराठी माणूस 'सिंकवड' असें वाचील. खुणांची संवय नसलेल्यास पुढेंही अडखळत जावें लागतें. हा दोष किरकोळ. याहून मोठी उणीव ही कीं, देवांची गांवें ज्या श्रद्धेवर उभीं होतीं ती श्रद्धा या विवेचनांत फार दुरून दिसते. भाद्रपदांत आणि माघांत चिंचवडहून मोरगांवास पालखी जाते. मार्गशीर्षांत समाधीचा उत्सव भरतो. मोरया गोसाव्यांच्या नांवावर चालणारीं पदें अजून गाइलीं जातात. राजे इनाम देत तें या गर्दीकडे पाहून. ती गर्दी कोठून येई, तींत कोणत्या जातींचे व कोणत्या गांवांचे लोक असत, त्यांस देवांकडून काय हवें असे, याचा शोध घेतल्याशिवाय राजसत्तेनें देवांपुढें मान कां लवविली याचें अर्धेंच उत्तर मिळतें. इनामाचा कायदा समजला. इनाम देणाऱ्याचें मन पूर्ण समजलें नाहीं.

हें काम मराठी अभ्यासकानेंच करावयास हवें. त्यानें प्रेस्टन यांच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद करावा, आणि इंग्रजींत सारांशानें आलेल्या सनदांचे मूळ मोडी व फारसी पाठ बाळबोधींत शेवटीं छापावे. सोबत देवांच्या गांवांचा एक नकाशा जोडावा. आज त्या टापूंत इतके कारखाने आणि चाळी उभ्या आहेत कीं, जुन्या शिवा डोळ्यांनीं ओळखतां येत नाहींत. कागदावर त्या अजून सांपडतील.